रागाच्या आधीचे पान

जयवंत दळवींचा बच्चू मराठी रसिकांना तीन रूपांत भेटला आहे : 'ऋणानुबंध' कादंबरीत, 'नातीगोती' नाटकात, आणि २०१७ साली प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'कच्चा लिंबू' या बहुतांशी कृष्णधवल चित्रपटात. रंगभूमीवर दिलीप प्रभावळकरांनी बाप आणि अतुल परचुरे यांनी बच्चू उभा केला, तो पाहिलेली माणसे आजही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. एवढे आयुष्य लाभलेली कथा सामान्य नव्हे. तरीही तिच्याविषयी माझी एक तक्रार आहे.

आधी तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. 'चौकट राजा' (१९९१) मधला नंदू निरागस आहे, निरुपद्रवी आहे; त्याच्यावर प्रेम करणे प्रेक्षकाला सोपे जाते. दळवींनी ही सोय आपल्याला दिली नाही. त्यांचा बच्चू वयात आलेला आहे. त्याच्या देहाला ओढी आहेत, हातात बळ आहे. नोकरी आणि मुलगा यांच्यामध्ये आईबाप पिळून निघाले आहेत. एकमेकांच्या वाट्याला यावे एवढेही ते उरलेले नाहीत. मुलावर जीव आहे आणि त्याच मुलापासून सुटावे असेही वाटते, ही दोन्ही सत्ये एकाच घरात नांदतात, हे सांगायला धैर्य लागते. दळवींपाशी ते होते.

पण ही कथा पाहते ती आईबापांच्या डोळ्यांनी. बच्चूचे वागणे तिच्यात वादळासारखे येते आणि जाते. भांडी पडतात, आई रडते, बाप खचतो. आणि आपल्याला दिसते ते या दोघांचे दुःख. वादळापूर्वी त्या मुलाला काय झाले होते? लेखक देहाच्या एका कारणाकडे बोट दाखवतो आणि थांबतो. दळवींच्या काळी अशा सगळ्या मुलांना 'मतिमंद' या एकाच शब्दात गुंडाळले जाई, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण कथा आजही नवी होऊन येते; म्हणून प्रश्नही आजचाच आहे.

हा प्रश्न मला केवळ वाचक म्हणून पडलेला नाही. मी ओझरला राहतो. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. वीसएक शब्दांपलीकडे त्याला बोलता येत नाही. राग आला म्हणजे तो स्वतःचे मनगट चावतो, आणि मग हाताशी येईल त्याला मारतो. एकदा माझी करंगळी मोडली; त्याच्या आईच्या कपाळावर टाक्यांचा व्रण आहे. दर संकष्टीला त्याचे बिनसते, हे गावाने आमच्याही आधी हेरले होते. "विघ्नहराच्या दारात राहून पोराला चतुर्थीच बाधते," असे एक म्हातारे मला कळवळून म्हणाले होते.

त्याच्या आईने शाळेच्या जुन्या वहीत तीन रकाने आखले : आधी काय झाले, त्याने काय केले, त्यावर आपण काय केले. ती चार महिने लिहीत होती. वही वाचल्यावर कळले की चंद्राचा काही संबंध नाही. संबंध कर्ण्याचा आहे, गाड्यांच्या भोंग्यांचा आहे, आणि गर्दीमुळे त्याचे जेवण दीड तास लांबते त्याचा आहे. संकष्टी सोडून जे दिवस उरले, त्यांतले निम्मे किडलेल्या दाढेचे निघाले. 'दुखते' हा शब्द त्याच्या वीस शब्दांत नव्हता.

आता चतुर्थीला ती त्याला पहाटेच माहेरच्या मळ्यात नेते. राग गेलेला नाही, पण त्याचे दिवस कमी झाले आहेत. तो आला म्हणजे आम्ही शब्द कमी करतो, जवळ एकच माणूस ठेवतो, जड वस्तू हलवतो, दार उघडे ठेवतो. शहाणपण सांगायचे ते नंतर. कधीकधी तर मुळीच नाही.

'स्वमग्न' हा शब्दच मला खटकतो. मूळ ग्रीक शब्दात 'स्व' आहे, म्हणून आपण तो भाषांतरित केला. परंतु माझा मुलगा स्वतःत मग्न नाही. बाहेरचे जग त्याच्यावर चाल करून येते आणि त्याला दार लावता येत नाही.

या आजाराच्या नव्हे, या स्वभावाच्या इतिहासाचा आरंभही एका बापाच्या लेखनाने झाला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, याच्या वडिलांनी कॅनरना तेहतीस पानांचे पत्र पाठवले होते. मुलगा काय खातो, कशाने बिथरतो, काय पुन्हापुन्हा म्हणतो, सगळे त्यात होते. डोनाल्ड मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात बँकेत काम करीत, गोल्फ खेळत, मोटार चालवीत जगला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. घर सधन होते, मूळ स्वभावही सौम्य. प्रत्येकाच्या वाट्याला हे येत नाही. पण गावाने त्याच्या तऱ्हा ओळखून घेतल्या होत्या, हे पैशाने आलेले नव्हते.

आपल्याकडे १९९९ च्या कायद्याने अशा प्रौढ मुलांना कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांच्या यादीत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा दिली. कायद्याने नाव घेतले. साहित्याने अजून माणूस पाहिलेला नाही.

कार्यकारण हा तर कादंबरीकाराचा धंदा. खुन्याच्या मनात शिरून त्याच्या सुरीचे कारण शोधणारे आपण, एका अबोल मुलाच्या उगारलेल्या हाताशी मात्र पोचताच 'दैव' म्हणून लेखणी ठेवतो. दळवींनी आईबापांचे पान लिहिले, आणि ते इतके खरे लिहिले की पुन्हा लिहिण्याची गरज नाही. लिहायचे राहिले आहे ते त्याच्या आधीचे पान. ते लिहिणाऱ्याला प्रतिभा लागेल यात शंका नाही; पण प्रथम त्याने एक वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत.