काळी माती आणि शेवटचा 'म्हणून'

वसाहतींच्या भूगोलाचा पाठ मी गेली आठ वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवतो आहे. पाठ सोपा आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती उभ्या राहिल्या. उत्तरेला न्यू इंग्लंड. तिथे थंडी कडक, जमीन खडकाळ, पिकाचे दिवस थोडे. म्हणून लहान शेते, मासेमारी, जहाजबांधणी, नगरसभा, शाळा. दक्षिणेला ऊब, सपाट किनारपट्टी, आत शिरलेल्या नद्या, म्हणून तंबाखू, तांदूळ, नीळ, पुढे कापूस, म्हणून मोठे मळे, म्हणून गुलाम. एवढे 'म्हणून' पाठ झाले की विद्यार्थ्याला गुण मिळतात. मीही असेच मिळवले होते.

यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, शेवटचा 'म्हणून' कळला नाही. जमीन सुपीक होती हे ठीक. पण तिने गुलाम मागितले का?"

तास संपत आला होता. मी काहीतरी थातूरमातूर बोललो. हे लिहितो आहे ते त्या मुलीला देता न आलेले उत्तर आहे.

भूगोलाने समाज घडतो या विचाराला मी सरसकट नाकारत नाही. त्याने एक मोठे काम केले आहे. जॅरेड डायमंड यांनी १९९७ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात सांगितले की, युरोप पुढे गेला तो गोऱ्यांच्या रक्तामुळे किंवा बुद्धीमुळे नव्हे. पिके, जनावरे, खंडांची ठेवण आणि रोगराई यांमुळे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना बरे वाटते. पण याच विचाराची जुनी बाजूही विसरता येत नाही. १७४८ साली माँतेस्क्यू यांनी उष्ण हवेत माणसाचे शरीर आणि मन ढिले पडते, म्हणून तिथली गुलामगिरी बुद्धीला कमी खटकते, असे मांडले. एकच हत्यार, कोणाच्या हातात आहे ते पाहावे लागते.

आता जॉर्जियाकडे वळू. पाठ्यपुस्तकात या वसाहतीला दोन ओळी असतात, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच निकालात निघतो. तेरा वसाहतींतली ही शेवटची; १७३३ साली वसली. तिच्या विश्वस्तांनी १७३५ साली गुलाम ठेवण्यास बंदी केली. ते काही संत नव्हते. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश सत्ता होती आणि गुलामांच्या वसाहतीला शत्रूच्या तोंडाशी उभे करणे त्यांना धोक्याचे वाटले. शिवाय गरीब इंग्रजाने स्वतः राबावे अशी योजना होती. पण कारण काहीही असो, सव्हाना नदीच्या एका काठावर, साउथ कॅरोलिनात, गुलाम होते आणि दुसऱ्या काठावर कायद्याने नव्हते. ऊन तेच, पाऊस तोच, दलदल तीच, डासही तेच.

मग १७३८ साली सव्हानाच्या काही वसाहतवाल्यांनी अर्ज केला की, निग्रोंवाचून इथे शेती होऊ शकत नाही. आणि १७३९ साली एबेनेझर इथल्या जर्मन निर्वासितांनी, ज्यांना साल्झबर्गर म्हणतात, उलटा अर्ज केला. गोऱ्या माणसाला भात लावणे अशक्य आहे असे आम्हाला सांगितले होते, पण आम्ही स्वतः लावून पाहिला आणि आता त्या बोलण्याचे आम्हाला हसू येते, असा त्याचा आशय होता. डेरियनच्या स्कॉटिश लोकांनीही गुलामगिरीविरुद्ध लिहिले. तरीही १७५१ च्या आरंभी बंदी उठली. त्या वेळी तिथे पाचशेही गुलाम नव्हते; १७७५ पर्यंत सुमारे १८ हजार झाले. या पंचवीस वर्षांत जॉर्जियाची माती बदलली नाही. बदलला तो कायदा, आणि तो बदलून घेणाऱ्यांचे बळ.

भाताचीही एक गोष्ट आहे. कॅरोलिनाच्या दलदलीत भात पिकला, तो जमिनीच्या गुणाने, असे आपण शिकवतो. इंग्रजाला भातशेती येत होती का, हे विचारत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्यावर बांध घालून भात काढणारे लोक होते, आणि त्यांनाच जहाजात भरून आणले होते. पीटर वुड यांनी १९७४ साली हे पुढे आणले, ज्युडिथ कार्नी यांनी २००१ साली विस्ताराने मांडले. त्यांच्या मांडणीवर आक्षेप आहेत, आकड्यांवरून इतिहासकारांत वाद झाला. पण मळ्यावर भात ज्यांच्या हातांनी उभा राहिला त्या हातांना ज्ञान होते, एवढे कबूल करायला इतका काळ का लागावा? जमिनीला श्रेय द्यायला मात्र कोणाला कधी अडचण आली नाही. आपल्याकडेही ढोराच्या कातड्याचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांच्या वाट्याला त्या ज्ञानाचे नाव आले नाही, नुसता वास आला.

आणि उत्तरेचे काय? खडकाळ मॅसॅच्युसेट्सने १६४१ सालीच गुलामगिरीला कायद्यात जागा दिली. व्हर्जिनियाने १६६२ साली ठरवले की मूल आईच्या दर्जाचे. आई गुलाम तर मूल गुलाम. हा नियम कोणत्या मातीतून उगवला, हे भूगोलाच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. जन्मावरून दर्जा ठरवणारा नियम कसा लिहिला जातो, हे मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना समजावून सांगायला नको.

पण माती काहीच करत नाही असे म्हणणेही खोटे ठरेल. अलाबामात खडूच्या थरावर काळ्या मातीचा पट्टा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. १८१४ च्या तहात क्रीक लोकांच्या हातून प्रचंड भूमी गेली, आणि कापसासाठी या पट्ट्यात गुलाम आणून ओतले गेले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ साली लिहिले की, 'ब्लॅक बेल्ट' हे नाव आधी मातीच्या रंगावरून पडले, मग काळ्या माणसांच्या संख्येवरून चालू झाले. ते हे शांतपणे सांगून पुढे जातात, आणि तिथेच मला त्यांची मर्यादा जाणवते. डु बॉइस १९०३ च्या त्यांच्या ग्रंथात जॉर्जियाच्या अशाच प्रदेशातून, निग्रोंसाठी वेगळ्या काढलेल्या डब्यातून प्रवास करतात. आणि शेत दिसले की मालक कोण, कर्ज कोणाचे, खंड किती, असे विचारत जातात. भूगोल लिहावा तर असा. बाबासाहेबांनी १९४६ साली याच डु बॉइसना पत्र लिहिले होते.

त्याच पट्ट्यात लाउंड्स काउंटी आहे. १९६५ च्या आरंभी तिथे बहुसंख्य काळ्यांपैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. त्या वर्षी तिथे उभ्या राहिलेल्या संघटनेने काळा चित्ता हे चिन्ह घेतले. १९६६ साली ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडे गेले आणि १९७२ साली मुंबईत आपल्याकडे पोहोचले. आपल्या पँथरचा उगम ज्या भूमीत, तिथे आज काय आहे? ती माती पाणी मुरू देत नाही. साधी मैलाटाकी चालत नाही, चालेल अशी परवडत नाही. घाण अंगणात साठते. वर टाकी नाही म्हणून त्याच गरिबांवर खटले. कॅथरिन फ्लॉवर्स यांनी २०२० साली यावर पुस्तक लिहिले. २०२३ साली सरकारी करार झाला, दंड थांबवायचे ठरले. २०२५ साली नव्या राजवटीने तो करार मोडीत काढला. चिकणमाती आहे हो, कोण नाही म्हणतो!

मी हे वाचले तेव्हा आमची वस्ती डोळ्यांपुढे आली. आमचा गावही काळ्या मातीचा. बाप दुसऱ्याच्या काळ्या रानात सालदार. वस्ती गावाच्या उताराला, नाल्याच्या कडेला, चिबड जागेत. पावसाळ्यात वरच्या गल्ल्यांचे पाणी आमच्या चुलीपर्यंत यायचे आणि आई वाडग्याने ते उपसायची. सातवीत असताना मी मास्तरांना विचारले होते. ते म्हणाले, "अरे, उतारच आहे तिकडे. पाणी उताराला जाणारच." शास्त्र म्हणून उत्तर बिनचूक होते. उताराला आम्हाला कोणी बसवले, हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही.

पुढच्या वर्षी हा पाठ घेताना मी जॉर्जियाची ती सोळा वर्षे आधी सांगणार आहे. ती मुलगी तोवर शेवटच्या वर्षाला गेलेली असेल. तिला हा अंक वाचायला देईन.