तपकिरी थर आणि टायटन

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मामा तलावाच्या काठचा गाळ काठीने ढवळला की बुडबुडे वर येतात. त्यांत मिथेन असतो. शनीच्या टायटन या उपग्रहाच्या हवेतही मिथेन आहे, बाकी बहुतेक नायट्रोजन. या दोन साध्या वायूंतून टायटनचे नारिंगी धुके कसे बनते हे सांगताना एक प्रयोग हमखास पुढे केला जातो. तो जरा तपासून पाहू.

कॉर्नेल विद्यापीठात कार्ल सेगन व भारतीय वंशाचे बिशुन खरे यांनी अशा वायुमिश्रणांना विजेच्या ठिणग्या दिल्या. भांड्यात तपकिरी थर जमला. १९७९ साली त्यांनी अशा पदार्थांना ‘थोलिन’ नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गढूळ! १९८४ साली टायटनसाठी बनवलेल्या थोलिनचे प्रकाशीय गुणधर्म त्यांनी क्ष-किरणांपासून सूक्ष्मलहरींपर्यंत प्रसिद्ध केले. हे काम मोलाचेच. पुढच्या अनेक संशोधकांनी तेच आकडे वापरले.

आमची हरकत आहे ती ‘म्हणजे टायटनची हवा प्रयोगशाळेत तयार झाली’ या वाक्याला. १९८४ च्या प्रयोगात दाब ०.२ मिलिबार होता आणि मिथेन १० टक्के. टायटनवर सुमारे १००० किलोमीटर उंचीवर, जिथे आयनांची रेलचेल आहे, तिथे वायू याच्या लाखो पट विरळ आहे. दाट वायूत दोन कण जुळले की तिसरा येऊन त्यांची जादा ऊर्जा काढून घेतो आणि जोडी टिकते. विरळ हवेत हा तिसरा सहसा भेटत नाही. शिवाय टायटनला काचेची भिंत नाही. रंग जुळला म्हणून वाटही तीच, असे कसे म्हणावे?

वाट शोधणारे प्रयोग दिसायला रुक्ष असतात. एका वेळी एकच आयन, एकच वायू आणि अभिक्रियेचा वेग. त्यातून हाती येतो फक्त तक्ता. पण एप्रिल २००५ मध्ये कॅसिनी यानाने टायटनचे आयन मोजले तेव्हा वस्तुमान २८ चा आयन ठळक दिसला. नायट्रोजन रेणूच्या आयनाचे वस्तुमानही २८ च! उपकरण वस्तुमान सांगते, नाव सांगत नाही. नाव तक्त्याने सुचवले. नायट्रोजनचा आयन मिथेनशी गाठ पडताच संपतो आणि मिथिल आयन बनतो. त्याची मिथेनशी अभिक्रिया होऊन २९ चा इथिल आयन होतो. तो आपला प्रोटॉन हायड्रोजन सायनाइडला देतो. २७ अधिक १, म्हणजे २८! तपकिरी थराकडे कितीही पाहिले तरी हे उमगले नसते.

तक्तेही अपुरेच होते. टायटनच्या हवेत हजारो एकक वस्तुमानाचे ऋण आयन आहेत असे २००७ साली जाहीर झाले. त्यांची कुणालाच अपेक्षा नव्हती. ऋण आयन कसे सुटतात, याचा एकेका रेणूवर अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला आहे. मंद इलेक्ट्रॉनांची ऊर्जा निवडून सेंद्रिय रेणूचा ठरावीक बंध तोडता येतो, असे वैभव प्रभुदेसाई, ई. कृष्णकुमार व सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले. टायटन हा त्यांचा विषय नव्हता, पण प्रश्न विचारण्याची रीत तीच.

कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १, एवढे नववीच्या मुलांना ठाऊक असते. २८ किती प्रकारांनी जमते, हे फळ्यावर विचारून पाहावे.