बिजवराचे नायकत्व : एकल पित्याच्या प्रेमकथेचे आकर्षण आणि तिच्यातील आईचे स्थान

प्रस्तावना

पत्नीवाचून मूल सांभाळणारा पुरुष आणि त्याच्या घरात प्रथम मुलाच्या ओढीने पाऊल टाकणारी स्त्री, ही जोडी आजच्या लोकप्रिय प्रेमकथेत वारंवार आढळते. मराठी प्रेक्षकांना ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'प्रेमाची गोष्ट' या मालिकेतून परिचित झाली. ही मालिका २०१३ ते २०१९ या काळात चाललेल्या 'ये है मोहब्बतें' या हिंदी मालिकेवर आधारलेली होती, आणि त्या मालिकेचे मूळ मंजू कपूर यांच्या 'कस्टडी' (२०११) या इंग्रजी कादंबरीत आहे. एका गंभीर कादंबरीची प्रेमकथा होताना काय हाती आले आणि काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बिजवर : उपहासाकडून आकर्षणाकडे

मराठी साहित्यात दुसरेपणाचा नवरा हा दीर्घकाळ उपहासाचा विषय होता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकातील भुजंगनाथ हा त्याचा ठळक नमुना होय. उतारवयात कोवळ्या मुलीशी विवाह करू पाहणारा हा पुरुष प्रेक्षकांच्या हास्याचा आणि संतापाचा धनी झाला. 'बिजवर' या शब्दाला चिकटलेला कमीपणा या परंपरेतून अधिक पक्का झाला.

याच सुमारास याहून वेगळा बिजवर प्रत्यक्षात घडला होता. धोंडो केशव कर्वे यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. १८९३ मध्ये, पुत्र रघुनाथ सुमारे अकरा वर्षांचा असताना, कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पुढे आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेलेल्या गोदूबाईंनी 'माझे पुराण' हे आत्मकथन लिहिले. मात्र या विवाहाची आठवण सुधारणेच्या इतिहासात राहिली. प्रेमकथेने हा विषय तेव्हा हाती घेतला नाही.

आजच्या प्रेमकथेने बिजवराला नायक केले, ते दोन बदलांच्या आधारे. पहिला बदल वयाचा : हा पुरुष तरुण व मिळवता आहे. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा : त्याच्या कडेवर मूल आहे आणि ते बहुधा मुलगी आहे. सर्वसाधारण प्रेमकथेत नायक चांगला पती होईल की नाही, हा प्रश्न विवाहानंतरच्या काळावर सोपवलेला असतो. येथे त्याची परीक्षा प्रेमापूर्वीच पार पडलेली असते. रात्री जागणारा, वेणी घालताना गोंधळणारा पुरुष पाहून वाचकाला जी खात्री वाटते, ती कोणत्याही प्रेमपत्राने वाटणार नाही. विशेष म्हणजे कायद्याला अशी खात्री वाटत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. कायदा ज्या पुरुषाकडे साशंकतेने पाहतो, त्याच्यावरच प्रेमकथा सर्वाधिक विश्वास टाकते. तिच्या आकर्षणाचे एक मूळ या विसंगतीत असावे.

कादंबरी आणि मालिका

'कस्टडी' ही कादंबरी अशी खात्री देत नाही. उदारीकरणानंतरच्या दिल्लीत बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीत काम करणारा रमण, त्याच्या वरिष्ठाच्या, अशोकच्या, प्रेमात पडून घर सोडणारी शगुन, त्यांची मुले अर्जुन व रूही, आणि मूल होत नाही म्हणून पहिल्या पतीने टाकलेली इशिता अशी ही पात्रे आहेत. लेखिका यांपैकी कोणालाही सर्वस्वी निर्दोष ठरवीत नाही. शगुनची घुसमट, तिचा मोह आणि मुलांसाठी होणारी तिची तगमग वाचकापर्यंत पोहोचते. इशिताचे वात्सल्य खरे आहे, तथापि त्यात मालकीची भावनाही मिसळलेली आहे. रूहीने आई कोणाला म्हणावे, या प्रश्नाभोवती प्रौढांचा झगडा चालतो आणि त्याची किंमत मुले मोजतात. शीर्षकातील 'ताबा' हा शब्द मुलांना वस्तूचे स्थान देतो, हे कपूर यांनी बारकाईने दाखविले आहे.

मालिकेत तोल बदलतो. सागर कोळी, त्याची लहान मुलगी सई आणि दंतवैद्य मुक्ता गोखले यांच्या कथेत सईची ओढ हीच विवाहाची प्रेरणा ठरते. दोन भिन्न समाजांतील कुटुंबे जवळ आणण्याचे काम मूल करते, हा मराठी रूपातील लक्षणीय भाग आहे. परंतु घर सोडून गेलेली सावनी प्रामुख्याने कारस्थानी खलनायिका म्हणून उभी राहते. पित्याचे एकटेपण मोहक वाटण्यासाठी आई एक तर मृत असावी लागते किंवा वाईट. कादंबरीने जो प्रश्न म्हणून मांडला, तो मालिकेने निकाल म्हणून दिला, असे म्हणावे लागते.

काठीच्या संदर्भात

घर सोडणारी पत्नी ही स्वभावतःच खलनायिका असते काय? या प्रश्नाचे उत्तर शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या चौकटीबाहेर शोधणे अगत्याचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील, अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातील जुने संस्थान रजवाडी होळीसाठी ख्यात आहे. या परिसरातील भिल्ल समाजात वधूमूल्याची, म्हणजे देजाची, प्रथा आहे. स्त्रीच्या पुनर्विवाहाला रूढीची मान्यता आहे. पत्नी दुसऱ्याच्या घरी गेल्यास तो तंटा पंचांपुढे नेऊन भरपाईने मिटवण्याची रीत भिल्ल समाजात आढळते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २(२) नुसार केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे 'कस्टडी'तील घटस्फोटाचे जग येथे आपोआप अवतरत नाही.

या रूढीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. भरपाईची रक्कम पुरुषांमध्ये ठरते आणि मूल पित्याच्या कुळाचे मानले जाते. स्त्रीच्या इच्छेला तेथेही मर्यादा आहेत. तरीसुद्धा एक फरक महत्त्वाचा आहे. येथे पत्नीचे जाणे हा मिटवता येणारा तंटा आहे, तिच्यावरचा कायमचा कलंक नव्हे. तंटा मिटल्यावर ती दुसऱ्या घरात पत्नी आणि आई म्हणून राहू शकते. म्हणजे प्रेमकथेला लागणारी 'वाईट आई' मानवी स्वभावातून आलेली नसून, विवाह एकदाच आणि अखेरपर्यंत मानणाऱ्या कुटुंबव्यवस्थेतून आलेली आहे.

निष्कर्ष

एकल पित्याच्या प्रेमकथेला केवळ करमणूक म्हणून दूर सारणे योग्य होणार नाही. पुरुषाने मूल वाढवावे आणि त्यात त्याचे मोठेपण असावे, ही तिने रुजवलेली कल्पना मोलाची आहे. भुजंगनाथाला हसणाऱ्या समाजाने येथवर येणे ही लहान गोष्ट नाही. मात्र वडिलांच्या या मोठेपणाचे मोल आईच्या बदनामीने चुकवले जात असेल, तर ते अध्यापकाने विद्यार्थ्यांना दाखवून द्यावयास हवे. त्यासाठी मालिका आणि कादंबरी शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरेल. सातपुड्यातील विद्यार्थ्याला तर आपल्या गावातील पंचांचे तंटे आठवूनच हा प्रश्न विचारता येईल : जी गेली, तिची गोष्ट कोणी सांगितली?