कानाचा राहून गेलेला धडा

डोके व मान या भागांतील कर्करोगावर किरणोपचार घेतलेले काही रुग्ण उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, एक तक्रार सांगू लागतात. अंधारात चालताना झोक जातो; जिना उतरताना कठडा धरावा लागतो. घरची माणसे समजूत घालतात, ‘एवढा शेक घेतलाय, अशक्तपणा आहे, चक्कर यायचीच.’ या एका वाक्यातले ‘शेक’ आणि ‘चक्कर’ हे दोन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत, आणि ती दूर करणे विज्ञानशिक्षकाच्या हातात आहे, असे आम्हांला वाटते.

आधी ‘शेक’ घेऊ. या कर्करोगांत साधारणपणे रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सुमारे सात आठवड्यांत ७० ग्रेपर्यंत मात्रा दिली जाते. १ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम ऊतीत १ ज्यूल ऊर्जा शोषली जाणे. १ किलोग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. तेव्हा ७० ग्रे एकदम दिले तरी तापमान अंशाच्या साठाव्या भागाएवढेच वाढेल. नववीचा विद्यार्थीसुद्धा हे गणित करील. हानी होते ती उष्णतेने नव्हे, तर किरणांमुळे होणाऱ्या आयनीभवनाने, मुख्यतः पेशीतील डीएनएच्या मोडतोडीने. शेक थांबला की त्याचा परिणाम ओसरतो. किरणांचे काही परिणाम मात्र उपचार संपल्यावर सावकाश उमटतात. ‘शेक’ म्हटल्याने नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

आता कान. ‘पाच ज्ञानेंद्रिये’ घोकवताना कानाच्या वाट्याला फक्त ऐकणे येते. आकृतीतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना नाव दिले जाते आणि तास पुढे सरकतो. वास्तविक फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकातच कबुतरांच्या या नलिका कापून त्यांच्या हालचाली कशा बिघडतात ते दाखवले होते. आंतरकर्णातील तोलाच्या या यंत्रणेवरील कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नलिका डोक्याचे वळणे टिपतात; शेजारच्या दोन पिशव्या, कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांच्या मदतीने, डोक्याचा कल व सरळ रेषेतील वेगबदल टिपतात. ऐकणारा शंख आणि हे तोलाचे इंद्रिय एकाच हाडात, एकमेकांना लागून आहेत. शंखापर्यंत किरण पोहोचले, तर शेजारी कोरडा कसा राहील?

वैद्यकातही श्रवणाची दखल आधी घेतली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात श्रवण वाचवण्यासाठी शंखाला मिळणारी सरासरी मात्रा ४५ ग्रेच्या आत ठेवावी असे सुचवले होते. तोलाच्या इंद्रियासाठी त्यात वेगळी मर्यादा नव्हती. याला कारणही आहे. ऐकू कमी आले की माणूस लगेच सांगतो. तोलाचे इंद्रिय दोन्ही बाजूंनी हळूहळू मंदावले तर गरगरत नाही. डोळे आणि पाय उणीव भरून काढतात. दिवा गेला किंवा पायाखाली वाळू आली की ती उघडी पडते.

पण येथे उलट टोकाला जाऊ नये. प्रत्येक रुग्णाला हा त्रास होत नाही. अर्बुद नाकामागे घशाच्या वरच्या भागात किंवा कानापुढच्या लाळग्रंथीत असेल, तर आंतरकर्ण किरणांच्या जवळ येतो. तंबाखूमुळे आपल्याकडे फार आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात त्याला सहसा कमी मात्रा मिळते. शिवाय सगळा दोष कानाचा नसतो. किरणोपचारांबरोबर दिले जाणारे सिस्प्लाटिन हे औषध आंतरकर्णाला आणि पायांच्या संवेदी चेतांनाही इजा करू शकते. मान आखडते. मानेतील रक्तदाबाची नोंद घेणारी यंत्रणा बिघडली तर उभे राहताच रक्तदाब उतरतो.

म्हणूनच ‘चक्कर’ हा शब्द अपुरा आहे. मराठीत गरगरणे वेगळे, डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे, तोल जाणे वेगळे. रुग्णाने नेमका शब्द वापरला, तर डॉक्टरला कान पाहावा, रक्तदाब पाहावा की पाय, याची दिशा मिळते. कारण कळले तर उपायही असतात. तोल सावरण्याचे डोके व डोळ्यांचे व्यायाम कॉथॉर्न व कुक्सी यांनी ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकातच बसवले होते. आज भौतिकोपचार तज्ज्ञ त्यांची सुधारलेली रूपे शिकवतात. ‘अशक्तपणा’ म्हणून अंथरुणाला खिळणारा रुग्ण मात्र या सरावालाच मुकतो.

शिक्षकांनी यासाठी एक तासिका द्यावी. विद्यार्थ्याला छापील ओळ हातभर अंतरावर धरायला सांगा. डोके स्थिर ठेवून कागद डावीउजवीकडे जलद हलवला की अक्षरे पुसट होतात. कागद स्थिर ठेवून डोके तेवढ्याच वेगाने हलवले तर ती वाचता येतात, कारण नलिकांचा संदेश डोळ्यांना उलट दिशेने फिरवून नजर जागेवर ठेवतो. कानाचा हा धडा शिकलेले मूल घरातल्या आजारी माणसाला ‘चक्कर म्हणजे नक्की काय होते?’ असे विचारू शकेल, आणि रात्री त्याच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवील.