न घेतलेली परीक्षा

जेवणाच्या टेबलावर वाइन सांडते. वाढणारी तरुणी निमूटपणे पुसायला वाकते. यजमान तिच्यावर भडकतो आणि पाहुण्याला सांगतो, की तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, तिला इंग्रजी कळत नाही. उलट ते सोयीचेच आहे; धंद्यातली गुपिते तिच्यासमोर बिनघोर बोलता येतात. पाहुणा ओशाळतो, पण विषय तिथेच संपतो आणि संभाषण पुन्हा मूळ मुद्द्यावर येते. मूळ मुद्दा असतो, यंत्राला जाणीव असू शकते का?

अ‍ॅलेक्स गारलँड यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘एक्स माकिना’ (२०१५) या विज्ञान-थरारपटातला हा प्रसंग. या चित्रपटावर बरेच लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक एव्हा या यंत्रस्त्रीभोवती फिरते. माझ्या मते मात्र चित्रपटाची किल्ली त्या वाढणाऱ्या मुलीच्या हाती आहे. तिचे नाव क्योको. चित्रपटभर ती एक शब्दही बोलत नाही.

कथानक थोडक्यात असे. केलेब हा एका बलाढ्य सर्च इंजिन कंपनीतला तरुण प्रोग्रॅमर. सोडतीत त्याचे नाव निघते आणि कंपनीचा मालक नेथन याच्या दुर्गम घरी आठवडाभर राहण्याची संधी त्याला मिळते. नेथनने एव्हा घडवली आहे. तिचा चेहरा आणि हात माणसाचे, बाकी देह पारदर्शक. आतली यंत्रणा हलताना दिसते. (या दृश्यपरिणामांना २०१६ मध्ये ऑस्कर मिळाले.) केलेबने काचेपलीकडे बसून तिच्याशी बोलायचे आणि तिला जाणीव आहे की नाही हे ठरवायचे. प्रत्येक भेटीआधी पडद्यावर एव्हाचे नाव आणि भेटीचा क्रमांक येतो, जणू प्रयोगवहीतली नोंद.

या परीक्षेचा उगम अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्या निबंधात आहे. तो ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात ऑक्टोबर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नाऐवजी ट्यूरिंग यांनी एक खेळ मांडला. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि वेगळ्या खोलीत बसलेला प्रश्नकर्ता असे तिघे. आवाजावरून सुगावा लागू नये म्हणून उत्तरे टंकलिखित, शक्य तर टेलिप्रिंटरवरून. पुरुष कोण आणि स्त्री कोण, हे प्रश्नकर्त्याने ओळखायचे. मग यातल्या एकाची जागा यंत्राने घेतली तर? मधली भिंत हा या खेळाचा प्राण आहे. रूप, आवाज, कातडी बाजूला ठेवून केवळ बोलण्यावरून पारख करायची, हा त्यातला न्याय.

नेथन ती भिंत मुद्दाम काढतो. त्याचे म्हणणे असे, की नुसता आवाज ऐकवला असता तर एव्हा माणूस म्हणून सहज खपली असती. ती यंत्र आहे हे डोळ्यांना दिसत असूनही तिला जाणीव आहे असे वाटते का, ही खरी परीक्षा. युक्तिवाद चोख वाटतो. पण भिंत जाऊन काच आली की रूपही परत येते. एव्हाचा चेहरा केलेबने इंटरनेटवर काय काय पाहिले याच्या नोंदींवरून बेतलेला आहे, हे पुढे उघड होते. परीक्षकाची आवडनिवड आधीच मोजून परीक्षार्थी त्याच मापाने शिवलेली असते. कोण कोणाची परीक्षा घेत होते हा चित्रपटाचा गाजलेला कलाटणीचा मुद्दा, आणि बहुतेक समीक्षा इथेच थांबते.

मला पुढे जायचे आहे ते ट्यूरिंग यांच्याच एका वाक्याचा हात धरून. जाणिवेविषयीच्या आक्षेपाला उत्तर देताना ते म्हणतात, की दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याची सोय कोणालाच नाही; त्यावर वाद घालत बसण्याऐवजी आपण सगळे ‘प्रत्येक जण विचार करतो’ असा सभ्य संकेत पाळतो. सभ्य संकेत हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. दुसऱ्याला मन आहे हे आपण सिद्ध करत नाही, मानून चालतो. आणि मानणे आपल्या हातात असल्यामुळे ते नाकारणेही आपल्याच हातात राहते.

आता क्योकोकडे पाहा. तिच्या नावाची पाटी पडद्यावर येत नाही. ती सकाळी केलेबला उठवते, मासळी कापते, वाढते. विशेष हे, की बराच काळ केलेब तिला माणूसच समजत असतो. जिला तो यंत्र म्हणून ओळखतो तिला तो मन बहाल करतो आणि जिला माणूस समजतो तिच्या मनाची चौकशीही करत नाही. एकदा तो तिला नेथन कुठे आहे असे विचारतो. ती सदऱ्याची बटणे काढू लागते. तिला काय शिकवले गेले आहे हे एवढ्यात कळते. पुढे नेथनच्या खोलीत ती स्वतःहून आपली कातडी सोलून आतले यंत्र त्याला दाखवते. हे करायला तिला कोणी सांगितलेले नसते. न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. पण केलेब खोलीत परततो आणि स्वतःचा हात ब्लेडने चिरून पाहतो. त्याला चिंता पडते ती आपण तर यंत्र नाही ना याची. एव्हाला सोडवण्याच्या त्याच्या बेतात क्योकोला जागा नाही.

‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक यांच्या १९२१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाने. त्यामागच्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, वेठ. एव्हाच्या निमित्ताने आपण जाणिवेवर चर्चा करतो, पण रोबो या शब्दाचा मूळ अर्थ वाहते ती क्योको.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की क्योको हे कदाचित साधे हुकुमाचे यंत्र असेल. असेलही. पण ते तपासले कोणी? शेवटी एव्हा तिच्या कानात काही पुटपुटते आणि त्यानंतर क्योकोचा मासळी कापायचा सुरा नेथनच्या पाठीत शिरतो. तो हुकूम होता की संमती, हे आपल्याला कळत नाही, कारण ते पुटपुटणे आपल्याला ऐकवलेलेच नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आशियाई चेहऱ्याची मुकी, आज्ञाधारक स्त्री हा पाश्चात्त्य चित्रपटांतला जुना साचा आहे आणि गारलँड त्यावर टीका करताना तोच वापरतात. हा आक्षेप मला मान्य आहे. क्योको जमिनीवर कोसळल्यावर कॅमेरा एव्हाबरोबर निघून जातो. दुसऱ्या एका आशियाई चेहऱ्याच्या जुन्या प्रतिमेची कातडी अंगावर चढवून एव्हा मुक्त होते. क्योकोकडे कोणी वळून पाहत नाही, दिग्दर्शकही नाही. चित्रपट जो दोष दाखवतो त्यात तो स्वतःही सापडतो.

हे मला का बोचले, ते सांगायला हवे. माझे इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन शिकलेले. वाचता येते, बोलताना जीभ अडखळते. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी दोन दिवस मागच्या रांगेत ऐकत बसलो होतो. माझ्यासमोरच एकाने शेजाऱ्याला इंग्रजीत सांगितले, की यांना काही कळत नाही, बसू दे. मला शब्द न् शब्द कळला होता. मी काही बोललो नाही. वाइन सांडल्याचा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चित्रपट थांबवला, तो यामुळे.

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. आज बोलणारी यंत्रे खिशात आली आहेत आणि तुला मन आहे का, असे आपण त्यांना हौसेने विचारतो. अशाच एका यंत्राला घाण मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातल्या कामगारांनी तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर तो मजकूर वाचून वेगळा काढला, हे ‘टाइम’ने जानेवारी २०२३ मध्ये छापले. बोलणाऱ्या यंत्राची परीक्षा रोज होते. वाढणाऱ्या हातांचे नाव अजूनही कोणत्याही पाटीवर येत नाही.

चित्रपट पुन्हा पाहिलात तर एक करा. नेथन आणि केलेब बोलत असताना त्यांच्याकडे पाहू नका. क्योकोची भूमिका करणाऱ्या सोनोया मिझुनो यांच्या चेहऱ्याकडे पाहा. तो चेहरा काही सांगतो की नाही, हे मी ठरवणार नाही. पण तो ऐकत असेल असे मानून चालायला आपले काही जात नाही.