सहायक अभिनेत्याचे केंद्रस्थान : डॉन नॉट्स यांच्या कारकिर्दीचा एक विचार

प्रस्तावना
दूरचित्रवाणी मालिकांची समीक्षा करताना नायकाला केंद्र आणि इतर पात्रांना परिघ मानण्याची रीत रूढ आहे. ‘सहायक अभिनेता’ या संज्ञेतच दुय्यमत्व गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकन अभिनेते डॉन नॉट्स (१९२४–२००६) यांच्या कारकिर्दीच्या आधारे करावयाचा आहे.

बार्नी फाइफ : भित्रेपणाचा डौल
‘द अँडी ग्रिफिथ शो’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर १९६० ते १९६८ या काळात प्रसारित झाली. मेबेरी या काल्पनिक गावाचा शेरीफ अँडी टेलर हा तिचा नायक, तर बार्नी फाइफ हा त्याचा डेप्युटी. आरंभी विनोदाचा भार ग्रिफिथ यांच्यावर होता. परंतु नॉट्स यांचे सामर्थ्य ओळखून त्यांनी समंजस, शांत श्रोत्याची भूमिका पत्करली.

बार्नीला बंदुकीसाठी एकच गोळी मिळते, आणि तीही शर्टाच्या खिशात ठेवावी लागते. अधिकाराची हौस आणि तो पेलण्याची असमर्थता, ही विसंगती या एका तपशिलात सामावली आहे. नॉट्स छाती पुढे काढून कायद्याची भाषा बोलतात. क्षणात हात थरथरतात, आवाज चिरकतो. तरीही हसण्याचे रूपांतर उपहासात होत नाही. कारण अँडी गावासमोर त्याची लाज राखतो, आणि प्रेक्षकाला बार्नीत स्वतःचेच भय दिसते.

पुरस्कार, लोकप्रियता आणि मूल्य
या भूमिकेसाठी नॉट्स यांना पाच एमी पुरस्कार लाभले (१९६१, १९६२, १९६३, १९६६, १९६७). ग्रिफिथ यांना मात्र या मालिकेसाठी एकदाही नामांकन मिळाले नाही. १९६५ मध्ये नॉट्स चित्रपटांकडे वळले. त्यानंतरही मालिकेची लोकप्रियता टिकली. १९६७–६८ या अखेरच्या हंगामात ती प्रेक्षकसंख्येत पहिली होती. मग बार्नी अनावश्यक होता काय? प्रेक्षकसंख्या किती जणांनी पाहिले ते सांगते. काय गमावले ते सांगत नाही. त्याच्या जागी आणलेला वॉरन फर्ग्युसन (जॅक बर्न्स) अकरा भागांतच दिसेनासा झाला. जागा भरता आली, नाते भरता आले नाही.

उलट बाजूही लक्षणीय आहे. नॉट्स यांच्याच नावाचा ‘द डॉन नॉट्स शो’ (१९७०–७१) एका हंगामात संपला. पुढे ‘थ्रीज कंपनी’मध्ये (१९७९–८४) राल्फ फर्ली या इमारत-व्यवस्थापकाच्या भूमिकेत, इतर पात्रांच्या सहवासात, त्यांचा अभिनय पुन्हा खुलला.

समारोप
एकट्याच्या नावावरील कार्यक्रम टिकला नाही, यावरून अभिनेत्याचे न्यूनत्व सिद्ध होत नाही. नॉट्स यांची कला मुळात परस्परसंबंधाची होती. बार्नीच्या भयाला अँडीची शांतता हवी होती, आणि ती शांतता अर्थपूर्ण होण्यासाठी बार्नीचे भय. म्हणून मालिकेचे केंद्र एखाद्या पात्रात न शोधता पात्रांमधील नात्यात शोधले पाहिजे. तसे केल्यास ‘सहायक’ या शब्दाचा ‘दुय्यम’ हा अर्थ गळून पडतो आणि ‘सह’ हा अर्थ उरतो.