हळद कुठं गेली? : एका गाजलेल्या पेपरचं वाचन



पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. सिनॉप्सिसमध्ये हा शब्द आपण सगळेच लिहितो, पण करून कोणी दाखवत नाही. म्हणून आज माझ्याच विषयातला, म्हणजे प्रतिमा-प्रक्रियेतला, एक पेपर घेऊ. सुरुवात मात्र प्रयोगशाळेतून नाही, हळदीच्या मांडवातून करावी लागेल.

माझ्या मामेभावाचा कराडकडे छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत मी त्याला एडिटिंगला हातभार लावते. दोन दिवसांचं लग्न आणि दोन कॅमेरे म्हटले की पाच-सहा हजार फोटो सहज निघतात. एक रॉ फाइल 30 एमबीची धरा, 6,000 फाइलींचे 180 जीबी झाले. त्यातून निवडून घरच्यांना द्यायचे साधारण 800. एका फोटोला फक्त दोन मिनिटं दिली तरी 1,600 मिनिटं, म्हणजे जवळजवळ 27 तास. आणि पुढचं लग्न परवावर आलेलं असतं! त्यामुळे "हे काम मशीनला शिकवू" असं माझ्यासारखीला वाटणं साहजिकच होतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरणसुद्धा त्यावरच बेतलं होतं.

तर झालं असं, की एका लग्नाचे हळदीचे सगळे फोटो मी माझ्या प्रोग्रॅममधून काढले. चाचणीत त्याला गुण चांगले होते. वरवर नजर टाकली, ठीक वाटलं, पेनड्राइव्ह दिला. दोन दिवसांनी नवरीच्या आईचा दादाला फोन आला. "भाऊ, फोटो छान आलेत, पण आमची हळद कुठं गेली हो?" बघितलं तर खरंच, नवरीच्या गालाला मुलतानी माती लावल्यासारखं दिसत होतं. दुसरी तक्रार अशी की एकाच ओवाळणीच्या चार फोटोंत चार वेगळे उजेड. उरलेले पैसे अडकले, ते वेगळंच. दोन रात्री जागून सगळी हळद हातानं पुन्हा केली. दादा काही बोलला नाही, पण मला तो पेपर पुन्हा उघडावा लागला.

पेपर काय म्हणतो?

2011 साली सीव्हीपीआर या परिषदेत व्लादिमिर बिचकोव्स्की, सिल्वां पारी, एरिक चॅन आणि फ्रेदो ड्युरां यांनी हा पेपर मांडला. त्यातून आलेला डेटासेट आज 'एमआयटी-अडोबी फाइव्ह-के' या नावानं ओळखला जातो. वेगवेगळ्या छायाचित्रकारांनी काढलेले 5,000 रॉ फोटो घेतले. कलाशाळेत फोटोग्राफी शिकणारे पाच जण मोबदला देऊन नेमले. प्रत्येकानं सगळेच्या सगळे 5,000 फोटो लाइटरूममध्ये सुधारले. म्हणजे मूळ फोटो 5,000 आणि सुधारलेली रूपं 25,000. या पाच जणांना अ, ब, क, ड, ई समजा.

आधी पेपरचं श्रेय मान्य करू. त्या काळी अशा शिकवणीसाठी आधी-नंतरच्या जोड्यांचा मोठा संच जवळपास नव्हताच. तो यांनी कष्टानं उभा केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. टीका करायची म्हणजे फक्त चुका काढायच्या, असं समजू नका. काम कशासाठी झालं होतं आणि ते तिथं पुरेसं आहे का, हे आधी बघायचं.

पहिला प्रश्न: 'बरोबर उत्तर' कोणी ठरवलं?

मशीनला शिकवायचं तर नमुना उत्तर लागतं. त्याला आपण 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतो आणि ट्रुथ म्हटलं की आपण हात जोडतो. पण इथं ते काय आहे? त्या पाच जणांना सूचना होती, की फोटो दिसायला छान करा, पोस्टकार्डावर शोभेल असे. आता पोस्टकार्ड आणि लग्नाचा अल्बम यांत फरक आहे की नाही? पोस्टकार्ड अनोळखी माणसालाही आवडायला हवं. अल्बम त्या घरातल्या माणसांना खरा वाटायला हवा. हळद पिवळीधमक आहे, थोडी डोळ्यात खुपते, पण तिथं ती तशीच होती. तिला सौम्य केलं तर चित्र कदाचित सुंदर होईल, पण आठवण खोटी ठरेल.

गंमत म्हणजे मूळ लेखकांना हे पक्कं ठाऊक होतं. फोटोग्राफरांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, सगळ्यांना एकच नियम लावला की फसतं, हे त्यांनी पेपरच्या सारांशातच लिहिलं आहे. एवढंच नाही, तर दोन माणसांच्या आवडीतला फरकच शिकायचा आणि थोड्या नमुन्यांवरून नव्या माणसाची पद्धत ओळखायची, हा पेपरचा महत्त्वाचा भाग आहे. पाच माणसं नेमली ती त्यासाठीच!

मग चूक कुठं झाली? पुढच्या वापरात. नंतरच्या कितीतरी पेपरांनी पाचातला एकच माणूस, बहुतेकदा 'क', उचलला आणि त्याचीच रूपं 'बरोबर उत्तर' म्हणून वापरली. तुलना करायला हे सोयीचं आहे. सगळ्यांनी एकच प्रश्नपत्रिका सोडवली की क्रमांक लावता येतात. पण सोय म्हणून केलेली निवड दहा पेपरांत उद्धृत होत गेली, की अकराव्या पेपरात ती सत्य होऊन बसते. मीही तेच केलं होतं. का, असं मार्गदर्शकांनी विचारलं तेव्हा माझं उत्तर होतं, "सगळे करतात म्हणून."

यावर एक साधी चाचणी आहे, तुम्हीही करून बघा. 'क'ला नमुना धरा आणि 'ब'नं केलेले फोटो मशीनचं उत्तर समजून तपासा. 'ब' हा प्रशिक्षित माणूस आहे, त्याचं काम वाईट नाही. तरी गुण कापले जातील. मग एखाद्या मॉडेलला 'ब'पेक्षा जास्त गुण मिळाले तर ते 'ब'पेक्षा चांगलं एडिटिंग करतं असं म्हणायचं का? नाही. त्यानं 'क'ची आवड जास्त उचलली, एवढंच.

दुसरा प्रश्न: मोजपट्टी काय मोजते?

या विषयात पीएसएनआर नावाचं माप सर्रास वापरतात. मशीनचा फोटो आणि नमुना फोटो यांच्यातला पिक्सेलमागचा फरक काढायचा, त्याच्या वर्गाची सरासरी घ्यायची आणि ती डेसिबलमध्ये मांडायची. आकडा मोठा तर फरक कमी. हे माप प्रत्येक फोटोला सुटा धरतं, मग सगळ्यांची सरासरी.

आता ओवाळणीचे लागोपाठचे दोन फोटो घ्या. पहिल्या मशीननं दोन्ही फोटो 0.3 स्टॉपनं जास्त उजळ केले. दुसऱ्यानं एक 0.3 स्टॉपनं उजळ केला आणि दुसरा तेवढाच अंधारा. सुट्या फोटोची चूक दोन्हीकडे साधारण सारखीच, गुणही साधारण सारखेच. पण अल्बमच्या पानावर काय दिसेल? पहिल्याचे फोटो एकमेकांशी जुळतात. दुसऱ्याच्या दोन फोटोंत 0.6 स्टॉपचं अंतर पडलं, म्हणजे एकात दुसऱ्याच्या दीडपट उजेड! नवरीच्या आईला ते एका नजरेत दिसलं. माझ्या मोजपट्टीला दिसलंच नाही, कारण तिला शेजारचा फोटो माहीतच नव्हता.

दादा हे काम कसं करतो बघा. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं तो सकाळीच जुळवून ठेवतो, म्हणजे फोटो वेळेप्रमाणे एका रांगेत लागतात. मग हळद, मुहूर्त, सप्तपदी, वरात असे प्रसंग पाडतो. प्रत्येक प्रसंगातला एक फोटो मनासारखा करतो आणि त्याच्या सेटिंग्ज बाकीच्यांना लावतो. नंतर ऊन सरकलं असेल तिथंच हात घालतो. त्याच्या कामाचं एकक फोटो नाही, प्रसंग आहे. फाइव्ह-के मध्ये मात्र वेगवेगळ्या ठिकाणचे सुटे फोटो आहेत. तो डेटासेट या प्रश्नासाठी बनलेलाच नाही, मग त्याला दोष कसा द्यायचा? लग्नाच्या फोटोंचा दावा त्याच्या जिवावर करणारीला, म्हणजे मला, द्यायचा.

तिसरा प्रश्न: गृहीतक कुठं लपलंय?

हळद जाण्याचं कारण तर पेपरमध्ये नव्हतंच, ते माझ्याच प्रोग्रॅममध्ये होतं. रंगांचा तोल साधायला मी पहिल्याच पायरीला 'ग्रे वर्ल्ड' गृहीतक वापरलं होतं. 1980 मध्ये बुख्सबाउमनं मांडलेल्या विचारातून ते आलंय. चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असते असं धरायचं. नसेल तर तो प्रकाशाचा दोष समजून सुधारायचा.

हळदीच्या फोटोत समजा लाल, हिरवा, निळा यांची सरासरी 180, 150 आणि 60 आली. तिन्ही मिळून सरासरी 130. म्हणजे गृहीतक म्हणतं, लाल 0.72 पट करा, हिरवा 0.87 पट आणि निळा तब्बल 2.17 पट. झालं! पिवळ्याचा विरोधक निळा, तोच दुपटीनं वाढवला. मशीनच्या लेखी हळद हा दिव्याचा दोष होता आणि तो तिनं इमानदारीत काढून टाकला. गृहीतक वाईट नाही, अनेक साध्या दृश्यांत चालतं. ते कुठं चालणार नाही हे लिहून ठेवणं माझं काम होतं. मी लिहिलं नव्हतं, कारण माझ्या चाचणीच्या फोटोंत हळदच नव्हती.

मग करायचं काय?

टीका केली की पर्याय सुचवायची जबाबदारी येते. मी माझ्या प्रकरणाची मोजणीच बदलली. मशीननं केलेल्या फोटोंत दादाला नंतर किती ठिकाणी हात घालावा लागला, प्रसंगामागे किती मिनिटं गेली आणि एकाच प्रसंगातल्या फोटोंत आपसात किती फरक उरला, हे आता मोजते. आकडे पूर्वीइतके देखणे येत नाहीत. पूर्वी मी सरळ तक्ता लावून "आमची पद्धत सरस" असं लिहू शकत होते, ते गेलं. प्रकरण सहा महिने मागे पडलं, हेही सांगते. पण आता कोणी विचारलं की हे आकडे कशाचे, तर उत्तर आहे.

तुम्ही उद्या कुठलाही पेपर हातात घ्याल, रसायनशास्त्रातला असो की शेतीतला, तेव्हा तक्त्याकडे धावण्याआधी हे तीन प्रश्न वहीत लिहा. बरोबर उत्तर कोणी ठरवलं आणि त्याला काय सांगून? मोजपट्टीला काय दिसत नाही? गृहीतक कुठल्या पायरीला बसलंय? आणि तिन्ही उत्तरं मिळाली की दोष नेमका कोणाच्या पदरात टाकायचा ते ठरवा: मूळ लेखकांच्या, त्यांना न वाचता उद्धृत करणाऱ्यांच्या, की स्वतःच्या. माझ्या बाबतीत हिशेब बहुतेक तिसऱ्या खात्यावर निघाला.

त्या लग्नाचे उरलेले पैसे मिळाले. हळदीचे नवे फोटो बघून नवरीच्या आई म्हणाल्या, "आता कसं, आमचंच लग्न वाटतंय." सध्या तरी माझ्यासाठी ग्राउंड ट्रुथच्या सगळ्यात जवळचं वाक्य हेच आहे. ते मोजायचं कसं, यावर काम चालू आहे. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा.